चाळण डोक्यावर घेऊन लागलेलं लग्न: महाराष्ट्राच्या आमदारांना खुलं पत्र

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सन्माननीय सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी कराडजवळच्या एका गावातली निवृत्त शिक्षिका. ३१ वर्षं गणित शिकवलं. आमदारांना पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, म्हणून विषयावर यायला थोडा वेळ लागेल. तेवढा धीर धरा. मागणी छोटी आहे, नोंदणी पद्धतीच्या लग्नांबद्दलची, पण ती माझ्या मनात कशी आली हे सांगितल्याशिवाय तुम्हाला ती पटायची नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये माझ्या लेकीचं लग्न न्यूझीलंडमध्ये लागलं. नवरा-नवरीच्या डोक्यावर मुंडावळ्या नव्हत्या, स्टीलची चाळण होती. पास्ता गाळतात तीच. लग्न लावणाऱ्या बाई समुद्री चाच्यांच्या वेशात होत्या. आणि ते लग्न माझ्या १९९१ सालच्या लग्नाइतकंच कायदेशीर आहे. त्याचा दाखला माझ्या कपाटात आहे.

ते लग्न पास्ताफेरियन पद्धतीचं होतं. तुमच्यापैकी अनेकांनी हे नाव ऐकलं नसेल. २००५ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या शिक्षण मंडळात एक वाद पेटला होता. जीवसृष्टी कुणा बुद्धिमान शक्तीने घडवली, हा विचार शाळेत विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतीच्या जोडीने यावा, असा काही सदस्यांचा आग्रह होता. बॉबी हेंडरसन नावाच्या, भौतिकशास्त्र शिकलेल्या एका तरुणाने मंडळाला खुलं पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं असं की, मग माझ्याही श्रद्धेला वर्गात तेवढाच वेळ द्या. माझ्या मते हे जग एका उडत्या स्पॅगेटी राक्षसाने घडवलं आहे. शेवयांचा गुंता, त्यात दोन डोळे आणि खिम्याचे दोन गोळे, असं त्याचं रूप. पत्र जगभर पसरलं. गंमत म्हणून लोक जमले आणि पुढे एकमेकांना धरून राहिले. चाचे हे त्यांचे पूर्वज, शुक्रवार हा सुट्टीचा वार, चाळण हे पवित्र शिरस्त्राण आणि प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ऐवजी ‘रामेन’. एका खुल्या पत्रातून उभा राहिलेला हा संप्रदाय आहे, आणि म्हणून मलाही तुमच्याकडे यायला हीच वाट योग्य वाटली.

आमच्या घरात त्या देवाचं नाव शेवयोबा पडलं आहे. हे नाव ह्यांनी ठेवलं. हे म्हणजे माझे यजमान. गळ्यात तुळशीची माळ, घरात एकादशी, जमेल त्या वर्षी आषाढीची वारी. पहिल्यांदा लेकीने फोनवर सगळं सांगितलं तेव्हा मी रडले होते. हे मात्र बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “खंडोबा, विठोबा, म्हसोबा... त्यात एक शेवयोबा. पोरगी देवाला बा म्हणते आहे ना, मग झालं.”

माझं रडणं वेगळ्याच कारणाचं होतं. मला वाटलं, माझ्या मुलीच्या लग्नाची थट्टा होणार. माझं स्वतःचं लग्न कसं झालं होतं, ते मी तिला कधीच नीट सांगितलं नव्हतं.

आमचं लग्न आंतरजातीय. १९९१ साली विशेष विवाह कायद्याखाली एका जिल्ह्याच्या ठिकाणी नोटीस दिली. आमची नावं, वयं, पत्ते लिहिलेला कागद कचेरीच्या फलकावर लागला. कायद्याने तो ३० दिवस तिथे राहायचा होता. नवव्या दिवशी माझ्या चुलत्यांच्या ओळखीच्या कुणीतरी तो वाचला. अकराव्या दिवशी मला मामाच्या गावी नेऊन ठेवलं. पुढच्या तीन आठवड्यांत काय काय झालं ते इथे लिहीत नाही, कारण त्यातली बरीच माणसं आता हयात नाहीत आणि जी आहेत त्यांनी माझ्या पोरीला मायेने वाढवलं आहे. एवढंच सांगते की मी मामीच्या मदतीने पहाटेच्या एसटीने निघाले आणि मुदत संपल्यावर आमचं लग्न लागलं.

ते सात-आठ मिनिटांचं होतं. टेबलाच्या पलीकडे साहेब, अलीकडे आम्ही दोघं आणि ह्यांचे तीन मित्र. साक्षीदार तीनच लागतात. एक छापील वाक्य होतं, ते ह्यांनी वाचलं, मग मी वाचलं. मागे कुणीतरी वीजबिलाच्या कसल्याशा प्रतिज्ञापत्रासाठी ताटकळलं होतं. सही झाली, शिक्का पडला, “पुढचे” अशी हाक आली. मी नवी कोरी साडी नेसले होते, पण तिच्याकडे बघायला माझ्या माणसांतलं कुणी नव्हतं. हळद नाही, गव्हले नाहीत, उखाणा नाही. बाहेर पायरीवर बसून हे मला म्हणाले, “आता माझं नाव घे की.” मला उखाणा सुचला नाही. तो पुढे कितीतरी वर्षं राहून गेला.

म्हणून लेकीच्या लग्नात तरी अंतरपाट असावा, मंगलाष्टकं असावीत, असं मला फार वाटत होतं. तिला ते नको होतं असं नाही. अडचण जावयाची होती, आणि ती समजल्यावर माझं मन बदललं.

तो ख्राइस्टचर्चचा. सुतारकाम करतो, होड्यांची डागडुजी करतो. लहानपणी आईबरोबर नेमाने चर्चमध्ये जायचा. २२ फेब्रुवारी २०११ ला तिथे भूकंप झाला. १८५ माणसं गेली, शहराच्या मधोमध असलेल्या कॅथेड्रलचा मनोरा कोसळला. जावयाबरोबर काम शिकणारा त्याचा जिवलग मित्र त्या भूकंपात गेला. तेव्हापासून तो चर्चमध्ये उभा राहू शकलेला नाही. मला तो म्हणाला होता (लेक मध्ये बसून मराठीत सांगत होती), “आई, मी देवाशी भांडलेलो नाही. पण जे मला वाटत नाही ते त्याच्यासमोर उभं राहून बोलणार नाही. लग्नाच्या दिवशी तर नाहीच.”

माझी लेक बांधकामाची इंजिनिअर. शहर पुन्हा उभं करायच्या कामावर ती तिकडे गेली होती. १९ सप्टेंबरला चाच्यांसारखं बोलायचा एक दिवस पाळतात, पास्ताफेरियन लोकांचा तो सण. साइटवरच्या कुणीतरी तिला ओढून नेलं. तिथे चाळण घातलेला एक उंच मुलगा कोपऱ्यात बसून एका म्हाताऱ्या आजोबांच्या चाळणीचा निखळलेला कान तारेने घट्ट करत होता. लेक म्हणते, तिने त्याचा चेहरा नंतर पाहिला, आधी हात पाहिले. पुढे दर शुक्रवारी त्या दोघांनी पास्ता उकळायचा, हा नेम झाला. मीठ कधी घालायचं यावरून त्यांचं जे भांडण व्हायचं ते मी फोनवर कितीदा ऐकलं आहे! तो पाणी उकळायच्या आधी घालणार, ही नंतर. त्या भूकंपानंतर आपण पहिल्यांदा मोठ्याने हसलो ते या लोकांत, असं तो सांगतो. ज्याच्यापाशी खोटं बोलावं लागत नाही असा त्याला सापडलेला देव हाच.

लग्नाआधी तीन आठवडे आम्ही दोघं तिकडे गेलो. मी ठरवलं होतं, निदान गव्हले तरी होतील. तुम्ही ग्रामीण भागातून निवडून आला असाल तर तुम्हाला वळवट माहीत असेल: गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटवे. लग्न ठरलं की घरच्या बायका मुहूर्त करून हे वळायला बसतात, आणि ते पुढे रुखवतात मांडलं जातं. मी भारतीय दुकानातून बारीक रवा आणला, दुधात भिजवला, मळला आणि मागच्या अंगणात बसले. चिमूटभर पीठ डाव्या हातात लांबट करून धरायचं आणि उजव्या हाताच्या अंगठा-बोटाने गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा वळून खाली सोडायचा. दोन्ही टोकं निमुळती झाली पाहिजेत.

जावई येऊन शेजारी बसला. थोडा वेळ बघत राहिला आणि लेकीला हाक मारून म्हणाला, “अगं, हा तर पास्ता आहे! तुझ्या आईने आधी का नाही सांगितलं?”

मी हातातलं पीठ तसंच धरून बसले. खरंच की. गव्हाचं पीठ, हाताने वळलेलं, वाळवलेलं, शुभकार्यासाठी राखलेलं. मी ज्याला थट्टा समजत होते तो जिन्नस माझ्या आजीच्या परातीत पिढ्यान्‌पिढ्या होता.

आठ संध्याकाळी आम्ही वळत बसलो. त्याची बोटं जाड, सुताराची, अंगठ्याला घट्टे. पहिल्या दिवशीचे त्याचे गव्हले चिंचोक्याएवढे होते. चौथ्या दिवशी हरभऱ्याएवढे. सातव्या दिवशी त्याने तळहातावर एक दाणा ठेवून माझ्यासमोर धरला, काही न बोलता. दोन्ही टोकं निमुळती. मी तो परातीत टाकला नाही, रुमालाच्या कोपऱ्यात बांधून ठेवला. अजून आहे.

लग्न अकारोआला झालं. ख्राइस्टचर्चपासून दीड तासावरचं बंदर. विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात समुद्र शिरून ते तयार झालं आहे, त्यामुळे तिन्ही बाजूंनी उंच हिरवे डोंगर आणि मध्ये शांत पाणी. ही जागा त्यांनी मुद्दाम निवडली. पास्ताफेरियन पद्धतीचं जगातलं पहिलं कायदेशीर लग्न १६ एप्रिल २०१६ ला याच बंदरात एका बोटीवर लागलं होतं. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या सरकारने या चर्चला लग्नं लावणारी माणसं नेमण्याची मान्यता दिली आणि ती तिथल्या राजपत्रात छापून आली. लग्न लावणाऱ्याला ते मिनिस्टरोनी म्हणतात. त्या पहिल्या लग्नात अंगठ्या पास्त्याच्या होत्या, आणि पास्ता उकळण्याआधी पाण्यात मीठ घालीन असं वचन नवऱ्याने दिलं होतं. जावयाला यावरून केवढा आनंद! मिठाच्या भांडणात त्याचीच बाजू शास्त्रोक्त ठरली होती.

आमच्या बोटीवर ४० माणसं होती. लेकीने नऊवारी नेसून वर चाळण घातली. ती चाळण मी घरून नेलेली. माझ्या आईने माझ्या लग्नानंतर वर्षभराने, कुणाला न सांगता, पदराखाली लपवून मला आणून दिलेली एकमेव वस्तू. तेव्हा तिच्यावर नाव घालायचं राहिलं होतं. निघण्याआधी कराडच्या भांड्यांच्या दुकानात मी ते घालून घेतलं, आईचं आणि लेकीचं.

मिनिस्टरोनी बाई चाच्यांची टोपी घालून उभ्या राहिल्या. थोडं हसवलं, थोडं रडवलं. मग त्यांचा आवाज बदलला. त्या म्हणाल्या, आता जे शब्द येतील ते कायद्याचे आहेत, नीट ऐका. आणि दोघांनी एकमेकांकडे तोंड करून आपापलं पूर्ण नाव घेऊन म्हटलं की मी तुला कायदेशीर पती, कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारते, स्वीकारतो. दोन साक्षीदार, एक लग्न लावणारी व्यक्ती आणि हे वाक्य. आधी काढलेला परवाना सोडला, तर लग्न लावताना तिथला १९५५ चा कायदा एवढंच मागतो. बोटीवर कुणी हललं नाही. पाण्याचा आवाज येत होता. १९९१ साली मी हेच वाक्य वाचलं होतं, वीजबिलाच्या माणसाकडे पाठ करून. तेच वाक्य असं ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

अक्षता म्हणून आम्ही गव्हले टाकले. ह्यांनी “रामेन” म्हटलं आणि लगेच “रामकृष्णहरी”. त्यांच्या तोंडून दोन्ही सारख्याच भक्तीने आलं. आणि मग हे सगळ्यांसमोर मला म्हणाले, “राहिलेला घेतेस का आता?” बत्तीस वर्षांनी मी उखाणा घेतला. तो काही इथे लिहीत नाही.

आता मागणी.

लेकीच्या लग्नानंतर मी आपला विशेष विवाह कायदा, १९५४ वाचून काढला. गणिताच्या माणसाला कलमं वाचायची भीती वाटत नाही. कलम १२ वाचताना मी दोनदा चश्मा पुसला. त्यात लिहिलं आहे की लग्न विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत किंवा वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या ठिकाणी, जादा शुल्क भरून लावता येतं. आणि ते उभयतांना पसंत असेल त्या कोणत्याही पद्धतीने लावता येतं. अट एकच, अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी ते एक वाक्य, त्यांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत म्हणायचं. म्हणजे अकारोआच्या बोटीवर जे झालं ते आपल्या संसदेने १९५४ सालीच आपल्याला देऊन ठेवलं आहे. १९९१ साली मला हे कुणी सांगितलं नाही. आमच्या पायरीवरच लग्न लावता आलं असतं!

कलम ३ त्याहून मोठं आहे. राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून एक किंवा अधिक व्यक्तींना विवाह अधिकारी नेमू शकतं. मग ही नेमणूक कचेरीच्या टेबलापुरतीच का ठेवायची? निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, परिचारिका, मुख्याध्यापक यांना प्रशिक्षण देऊन, ठरावीक तालुक्यापुरतं, हे काम का देऊ नये? न्यूझीलंडमध्ये नेमकं हेच होतं. लग्न लावणारी माणसं लोकांतलीच असतात, आणि शिस्त कायद्याची असते.

काही जण म्हणतील की अशाने लग्नाचं गांभीर्य जाईल. नेदरलँड्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१८ मध्ये हेच कारण देऊन पास्ताफेरियन हा धर्म मानायला नकार दिला. तिथला प्रश्न ओळखपत्रावर चाळण घातलेला फोटो लावण्याचा होता. त्याबद्दल माझा काही आग्रह नाही, फोटोत चेहरा नीट दिसावा हे मला मान्य आहे. लग्नाचं तसं नसतं. तिथे गांभीर्य त्या एका वाक्यात असतं, आणि भोवती हसायला जागा असली तर ते वाक्य जास्त ऐकू येतं. आपल्या लग्नात मेहुणा नवऱ्याचा कान पिळतो, विहिणी एकमेकींना टोमणे मारतात, उखाण्यात शंकराला आणि भाजीला एकत्र बसवतात. नाथांच्या भारुडात विंचू चावतो आणि त्यातून परमार्थ निघतो. हे आपल्या मातीला नवं नाही.

आणि लग्न कुणी लावायचं हा प्रश्नही इथे नवा नाही. २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला, पुरोहिताशिवाय. जोतीराव आणि सावित्रीबाई त्यामागे उभे होते. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू स्वातंत्र्याचा हक्क मागते आणि वर तो द्यायचं वचन देतो. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला अशा लग्नांवरून पुरोहितांनी दावा लावला, तो मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. त्या जोडप्यांनाही तेव्हा लोक हसले असतील, ही कसली सोंगं म्हणून. पुढे १९६७ साली मद्रास राज्याने अण्णादुराईंच्या कारकिर्दीत हिंदू विवाह कायद्यात ७-अ हे कलम घातलं आणि आप्तमित्रांसमोर हार किंवा अंगठी घालून केलेली स्वाभिमान विवाहपद्धती कायदेशीर केली. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, म्हणून त्या विधानसभेला ते करता आलं. तुम्हालाही करता येईल.

अशी कायद्यातली दुरुस्ती त्या ३० दिवसांच्या फलकासाठी करावी लागेल. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं की ही नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याने ठरवावं, त्यांची इच्छा नसेल तर ती लावू नये. आपल्या राज्याने अशी दुरुस्ती स्वतःहून करून ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवावी. दोघांची वयं, आधीचं लग्न, नातं, हे सगळं अधिकाऱ्याने जरूर तपासावं. त्यासाठी मुलीचा पत्ता भिंतीवर लावावा लागत नाही. भिंतीवरचा पत्ता कोण वाचतं हे मला माहीत आहे.

नेमणुका आणि कचेरीबाहेरची लग्नं यासाठी तर कायद्याला हात लावायची गरजच नाही. प्रत्येक तालुक्यात चार-पाच माणसं नेमा. त्यांना त्या वाक्याचं महत्त्व शिकवा. शनिवार-रविवारी त्यांना शेतात, शाळेच्या आवारात, धरणाच्या काठावर, कुणाच्या ओट्यावर जाऊ द्या. कुणी तिथे फुल्यांची मंगलाष्टकं म्हणेल, कुणी नुसतं एकमेकांकडे बघेल, कुणी डोक्यावर चाळण घेईल. अधिकाऱ्याने ते वाक्य ऐकावं आणि सही घ्यावी.

हे पत्र आजच लिहायचं कारण असं. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आठवीत माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, मागच्या रविवारी घरी आली होती. तिचं आणि तिच्या मित्राचं ठरलं आहे. घरून थोडा विरोध आहे, थोडी आशा आहे. येत्या सोमवारी ते नोटीस द्यायला जाणार आहेत. लेकीच्या लग्नाचे फोटो बघता बघता तिने विचारलं, “बाई, तुमच्या अंगणात लावता येईल का हो आमचं? तुम्हीच लावाल का?” मी तिला कलम १२ दाखवलं. कलम ३ ही दाखवलं. अंगण मी सारवून घेते आहे, रवा आणून ठेवला आहे. तिला उत्तर द्यायला माझ्याकडे ३० दिवस आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, तालुका कराड, जिल्हा सातारा